एक्टोपिकनंतर पुन्हा दिवस राहिले: दुखणं, धास्ती आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. मुलुंडला राहते, परळला नोकरी करते. सहा वर्षांपूर्वी मला एक्टोपिक झाली, म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी ट्यूबमध्ये (गर्भनलिकेत) राहिला, म्हणून माझी डावी ट्यूब काढावी लागली. सव्वा वर्षाने पुन्हा दिवस राहिले, ती मुलगी आता बालवाडीत जाते. तेव्हापासून मैत्रिणींच्या मैत्रिणी, कुणाच्या नणंदा, ऑफिसातल्या मुली मला फोन करतात. बहुतेक फोन रात्री अकरानंतर येतात आणि त्यांतले प्रश्न तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. औषध, इंजेक्शन आणि तपासण्यांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

टेस्ट आत्ताच पॉझिटिव्ह आली. आज काय करू?

डॉक्टरांना फोन. "दोन महिने होऊ देत, मग या" हा बाकीच्या बायकांना दिला जाणारा सल्ला तुमच्यासाठी नाही. फोनवरचं पहिलंच वाक्य हे असू द्या: "मला आधी एक्टोपिक झाली होती." रिसेप्शनवरच्या मुलीलाही हेच सांगा, कारण तारीख तिच्या हातात असते.

जुनी फाईल शोधून ठेवा. कुठल्या बाजूची ट्यूब होती, ती काढली की ठेवली, की ऑपरेशन न करता मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन दिलं होतं, हे त्या कागदांत असतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डी (निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला देतात ते इंजेक्शन) दिलं होतं का तेही बघा. फॉलिक अ‍ॅसिड सुरू नसेल तर फोनवरच विचारा. एवढं झालं की त्या दिवसापुरतं काम संपलं. सांगायला सोपं आहे हे कळतं मला. मी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं.

पुन्हा ट्यूबमध्येच राहील का?

एकदा एक्टोपिक झालेल्या बाईला ती पुन्हा होण्याची शक्यता साधारण दहात एक असते. दोनदा झाली असेल तर साधारण चारात एक. सगळ्या गरोदर बायकांमध्ये मिळून हे प्रमाण शंभरात एक-दोन आहे. म्हणजे तुमच्या भीतीला आधार आहे. "उगाच कसला विचार करतेस" म्हणणाऱ्यांना हे आकडे सांगायला हरकत नाही.

माझ्या आईने मटार सोलताना ताटात दहा दाणे ओळीने मांडले, एक बाजूला केला आणि म्हणाली, "हे बघ, नऊ राहिले." मी तो एकच बघत बसले होते. तुम्हीही तेच कराल.

सोनोग्राफी किती लवकर करायची? पाचव्या आठवड्यात गेले तर काहीच दिसलं नाही.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सहा ते सात आठवड्यांच्या दरम्यान. तीही आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेली. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत इतक्या लवकर नीट दिसत नाही. आतून केल्याने बाळाला धक्का लागत नाही आणि त्यासाठी बाटलीभर पाणी पिऊन लघवी दाबून बसावंही लागत नाही.

पाचव्या आठवड्यात काही न दिसणं यात नवल नाही. त्या सुमाराला फार तर एक बारीक पिशवी दिसते. नुसत्या पिशवीवर अनुभवी डॉक्टर शिक्कामोर्तब करत नाहीत, कारण गर्भ ट्यूबमध्ये असतानाही गर्भाशयात थोडं द्रव साठून तसाच आभास होऊ शकतो. पिशवीच्या आत योक सॅक, म्हणजे छोटं गोल कडं दिसलं की जागा पक्की. ते साधारण साडेपाच आठवड्यांच्या आसपास दिसू लागतं आणि ठोके सहाव्या आठवड्यानंतर. पाळी अनियमित असेल किंवा बीज उशिरा सुटलं असेल तर हे सगळं आठवडाभर मागे जातं. म्हणून घाई करून पाचव्यातच गेलात तर बहुतेक वेळा "आठवड्याने या" एवढंच ऐकून परत याल आणि तो आठवडा अधिक वाईट जाईल. पण पोटात दुखत असेल किंवा अंगावरून जात असेल तर हा हिशेब बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी दाखवायचं.

एक व्यवहाराची गोष्ट. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न घेता दादरपर्यंत गेलात तर हेलपाटा पडेल. हा हेलपाटा मी स्वतः घातला आहे.

बीटा दुप्पट झाला नाही. म्हणजे पुन्हा तेच?

लगेच तसं म्हणता येत नाही. बीटा एचसीजी (दिवस राहिल्यावर रक्तात वाढणारं संप्रेरक) ४८ तासांत दुप्पट व्हायलाच हवा, असं सगळीकडे सांगितलं जातं. प्रत्यक्षात नीट वाढणाऱ्या गर्भातही वाढ त्याहून कमी असू शकते. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित धरतात आणि सुरुवातीचा आकडा मोठा असेल तर अपेक्षा आणखी कमी. उलटही खरं आहे: ट्यूबमधल्या गर्भाचा बीटासुद्धा काही वेळा छान वाढतो. तेव्हा बीटा गर्भाची जागा सांगत नाही. वाढ कमी असेल तर लक्ष ठेवायला हवं, एवढंच त्यावरून कळतं.

दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये करा. आणि एका आकड्यावर रात्रभर मोबाईल चाळू नका, कारण एकट्या आकड्याला अर्थच नसतो. आधीच्या आकड्याशी ताडून पाहिल्यावरच त्यातून काही कळतं.

(डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या असतील तर जरूर घ्या. पण त्या गोळ्यांनी गर्भाची जागा बदलत नाही. "गोळी चालू आहे, म्हणजे आता ट्यूबमध्ये राहणार नाही" असं मला दोघींनी तरी सांगितलंय.)

ज्या बाजूला ऑपरेशन झालं होतं, तिथेच दुखतंय.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि माझाही हाच होता. डाव्या ओटीपोटात, मांडीच्या वरच्या अंगाला, बारीक ओढ. ट्यूब तर काढून टाकलेली, मग दुखतंय काय?

ट्यूब काढली तरी त्या बाजूचा बीजकोश बहुतेकदा जागेवर असतो. ज्या बीजकोशातून बीज सुटतं, तिथे एक छोटी गाठ तयार होते. पहिले काही आठवडे गर्भाला लागणारं प्रोजेस्टेरॉन हीच गाठ पुरवते. तिच्यात पाणी भरून ती फुगली की त्याच बाजूला जड वाटतं, ओढल्यासारखं होतं. पुढे वार हे काम हाती घेते आणि गाठ आपोआप आटते. डाव्या बीजकोशातलं बीज उजव्या ट्यूबने उचललं, असंही होतं. माझ्या बाबतीत सोनोग्राफीत नेमकं तेच दिसलं. डॉक्टर सहज बोलून गेल्या आणि मी टेबलावरच रडले.

आणखीही कारणं असतात. जुन्या ऑपरेशनच्या जागी आत चिकटलेले पडदे गर्भाशय वाढताना ताणले जातात. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर बेंबीजवळचा व्रण खेचला जातो. प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी मंदावतात, मग गॅस आणि बद्धकोष्ठ. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण गॅसची कळ चांगलीच जोरात येते आणि एकाच बाजूला येऊ शकते. चौथ्या महिन्यानंतर कूस बदलताना, शिंकताना किंवा बसमधून उतरताना जांघेत सुरी खुपसल्यासारखं होतं, तेव्हा गर्भाशय धरून ठेवणारा दोर ताणलेला असतो. लघवीला जळजळ आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, तो अंगावर काढायचा नाही.

जागा पक्की होण्याआधी मात्र यातलं कुठलंही कारण स्वतःच्या मनाने लावायचं नाही. नंतर हीच यादी धीर द्यायला उपयोगी पडते.

कोणतं दुखणं घरी थांबून बघायचं नाही?

एका बाजूला दुखत राहतंय आणि वाढतंय. खांद्याच्या टोकाला दुखतंय, विशेषतः आडवं झाल्यावर. हे विचित्र वाटतं, पण पोटात रक्त साचलं की ते श्वासपटलाला टोचतं आणि त्याची जाणीव खांद्याला होते. डोळ्यांसमोर अंधारी, घेरी, गार घाम. शौचाला लागल्यासारखं वाटतं आणि गुदाशी दाब येतो. अंगावरून जातंय, मग ते काळपट तपकिरी आणि थोडंसं का असेना.

सोनोग्राफीत जागा पक्की व्हायच्या आत यांतलं एकही झालं तर त्याच दिवशी दाखवा. घेरी, खांदादुखी किंवा असह्य कळ असेल तर त्याच तासाला, मध्यरात्र असली तरी. मागच्या वेळी मी "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून ओवा चावत पहाटेपर्यंत काढली. तेव्हा मला खांद्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

नुसत्या स्पॉटिंगबद्दल: सुरुवातीच्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार अंगावरून जातं आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं पुढे सुरळीत होतं. दाखवायचं तरीही.

रात्री काही झालं तर? आम्ही दोघंच असतो, आणि पावसाळा आहे.

हे आधीच ठरवून ठेवा, मन निम्मं हलकं होतं. तुमच्या डॉक्टरांचं नर्सिंग होम रात्री उघडं असतं का, तिथे ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे का, हे स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका. नसेल तर दुसरं ठिकाण पक्कं करा. पालिकेची केईएम, सायन, नायर आणि कूपर ही मोठी रुग्णालयं रात्रीही तातडीचे रुग्ण घेतात. घरापासूनचा रस्ता कुठे तुंबतो ते तुम्हाला माहीतच असतं. हिंदमाताला पाणी भरलं की परळ गाठणं काय असतं हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको, म्हणून जुलैत दोन रस्ते डोक्यात ठेवा. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८. घेरी येत असेल तर स्वतः स्कूटर काढायची नाही आणि लोकलही नाही.

फाईल, आधार कार्ड, चार्जर आणि थोडी रोख एका पिशवीत घालून दाराजवळ टांगा. शेजारच्या काकूंपैकी एकीला तरी खरं सांगून ठेवा. आम्ही समोरच्या कुलकर्णी काकूंना सांगितलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त रोज रात्री दहाला बेल वाजवून "दही विरजायला आहे का गं" विचारायच्या. त्यांच्या घरी दही रोज विरजलेलं असायचं, हे मला नंतर कळलं.

दुखलं तर कोणती गोळी घेऊ?

डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल. पाळीत दुखल्यावर आपण सवयीने घेतो त्या कॉम्बिफ्लाम आणि मेफ्टाल स्पास घरात असतातच, त्या नकोत. एकीत आयब्युप्रोफेन आहे, दुसरीत मेफेनॅमिक अ‍ॅसिड. बद्धकोष्ठासाठी भरपूर पाणी, फळं आणि डॉक्टर हो म्हणाले तर इसबगोल. आणि जागा पक्की होईपर्यंत गोळी घेऊन दुखणं दाबून झोपून जायचं नाही.

गर्भाशयातच आहे म्हणाले, ठोकेही ऐकले. तरी भीती का जात नाही?

इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय.

सोनोग्राफीपर्यंतची भीती एका खऱ्या प्रश्नामागे धावत असते: बाळ कुठे आहे? त्या काळात ती कामाची आहे. ती तुम्हाला फोन करायला लावते, तपासणीला नेते. एकदा जागा कळली की त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गर्भाशयातला गर्भ मागाहून ट्यूबमध्ये जात नाही. एक गर्भ आत आणि दुसरा बाहेर असं फार क्वचित होतं, आपोआप राहिलेल्या गर्भात साधारण तीस हजारात एकदा. आयव्हीएफ केलं असेल तर ते बरंच जास्त दिसतं, म्हणून तिथे डॉक्टर दोन्ही बाजू निरखून बघतात.

पण शरीराला ही बातमी उशिरा पोचते. ओटीपोटात कळ आली की मागच्या वेळचा स्ट्रेचर, तो हिरवा पडदा, सहीसाठी पुढे केलेला कागद, सगळं जसंच्या तसं समोर येतं. हा तुमचा भित्रेपणा नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी आपोआप गर्भपात किंवा एक्टोपिक झालेल्या ६५० हून अधिक बायकांचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका महिन्यानंतर त्यांतल्या २९ टक्के बायकांमध्ये आघातानंतरच्या तणावाची लक्षणं होती आणि नऊ महिन्यांनंतरही १८ टक्के बायकांमध्ये ती टिकून होती. आपल्याकडे याला "मनाला लावून घेतलंय" म्हणतात आणि विषय संपवतात.

मला कशाने बरं वाटलं ते सांगते. कळ आली की मी तीन गोष्टी वहीत लिहायचे: किती वाजले, कुठे दुखतंय, आडवं झाल्यावर कमी होतंय का. अर्ध्या तासाने पुन्हा बघायचे. बहुतेक वेळा दुसऱ्या नोंदीच्या वेळी दुखणं गेलेलं असायचं. दोन आठवड्यांनी वही चाळली तर जवळजवळ सगळ्या कळा रात्रीच्या जेवणानंतरच्या निघाल्या. राजमा, छोले, आणि डाव्या कुशीतला गॅस! हसू आलं. त्या महिन्यातलं पहिलं हसू.

मात्र झोप उडाली, मागचं स्वप्नात येतंय, बाथरूमला जायचीही भीती वाटते, दिवसातून दहा वेळा टिश्यू तपासता, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर गायनॅकला सांगा आणि समुपदेशकाकडे जा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आईला फोन करण्यात आणि त्या नंबरवर फोन करण्यात एक फरक आहे: आई घाबरते.

बाळाशी जीव जोडायचीच भीती वाटते. मी वाईट आई होईन का?

नाही. मी पाचव्या महिन्यापर्यंत "बाळ" हा शब्द वापरला नाही, "रिपोर्ट चांगला आहे" म्हणायचे. दुपटी, झबली काही आणलं नाही. मुलगी झाल्यावर पहिल्या रात्री तिच्या पायाची बोटं मोजली, तेव्हा सुरू झालं सगळं. कुणाचं आधी होतं, कुणाचं उशिरा.

घरी कधी सांगायचं? सासूबाई तीन महिने कुणाला सांगू नका म्हणतात.

नजर लागू नये म्हणून गावाला सांगू नका, ठीक आहे. पण घरातल्या ज्या माणसाला रात्री दोनला उठवावं लागेल, त्याला पहिल्याच दिवशी सांगा. आणि गेल्या वेळेचं सासूबाईंना नुसतं "राहिलं नाही" असं सांगितलं असेल तर या वेळी नीट समजावा: गर्भ ट्यूबमध्ये होता, तिथे तो वाढू शकत नाही, ट्यूब फुटली असती तर माझा जीव गेला असता. आमच्या सासूबाईंना वर्षभर वाटत होतं की मी पपई खाल्ली. कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी माझी जाऊ अशीच पोटात दुखता दुखता गेली." त्यानंतर पपईचं नाव निघालं नाही.

मागच्या वेळी माझं काय चुकलं होतं?

काही नाही. जिना चढणं, लोकलमधली गर्दी, पपई, भांडण, यांतल्या कशानेही गर्भ ट्यूबमध्ये अडकत नाही. ट्यूबला आधी कधी सूज किंवा संसर्ग झालेला असतो (आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी हेही एक कारण), पोटाचं ऑपरेशन झालेलं असतं, धूम्रपानाचाही संबंध आहे. पुष्कळ बायकांमध्ये कारणच सापडत नाही.

नवरा काहीच बोलत नाही. त्याला काही वाटत नाही का?

बहुधा खूप वाटतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तो बसला होता, तुम्ही नाही. माझ्या नवऱ्याने चार महिन्यांनी एकदा ठाण्याच्या सिग्नलला गाडी थांबली असताना सांगितलं की त्या रात्री त्याने माझ्या चपला हातात धरून ठेवल्या होत्या, का ते त्यालाही माहीत नाही. विचारत राहा. समोरासमोर बसून विचारलंत तर बोलणार नाही, चालता चालता विचारा.

मेथोट्रेक्सेट घेतल्यावर तीन महिने व्हायच्या आतच दिवस राहिले.

डॉक्टरांना आजच सांगा, तारखेसकट. हे औषध फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणतं, म्हणून निदान तीन महिने थांबायला सांगतात. थांबणं राहून गेलं म्हणजे सगळं बिघडलं असं नाही, पण फॉलिक अ‍ॅसिडचा डोस आणि पुढच्या सोनोग्राफ्या त्याप्रमाणे ठरवाव्या लागतात. स्वतःच गर्भपाताच्या गोळ्या घेऊन मोकळं होण्याचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका.

लोकलने जाऊ का?

जागा पक्की झाली आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर जा. गर्दीची वेळ टाळता आली तर टाळा. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला जाता येतं, डॉक्टरांचा दाखला पर्समध्ये ठेवा. तिथेही कुणीतरी "पोट तर दिसत नाही" म्हणेलच. दाखला काढायचा, वाद घालायचा नाही.

एकच ट्यूब आहे, त्याचा बाळावर परिणाम होईल का? डिलिव्हरी नॉर्मल होईल?

ट्यूबचं काम बीज पोचवण्यापुरतं. गर्भ गर्भाशयात रुजला की ती एक आहे की दोन, याने बाळाला फरक पडत नाही. ट्यूब काढली एवढ्यावरून सिझेरियन करावं लागत नाही. मागचा गर्भ ट्यूब आणि गर्भाशयाच्या सांध्याशी किंवा जुन्या सिझेरियनच्या व्रणात असेल, आणि गर्भाशयालाच टाके पडले असतील, तर गोष्ट वेगळी. ते जुन्या ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेवढा कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.